एका नाडीची गोष्ट : अठरा वर्षांनंतर दादानं राहायचं कुठं?

ज्यांना हेडफोन लावून ऐकायला वेळ नाही, किंवा एसटीत रेंज जाते, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे शब्दांकन. बोलताना जिथं अडखळलो तेवढं काढलंय, बाकी जसं बोललो तसंच आहे.

आजचा भाग किल्ल्याचा नाही, लढाईचा नाही. परंड्याच्या किल्ल्यावर बोलणार असं मागच्या वेळी म्हणालो होतो, तो भाग पुढं ढकललाय. कारण दिवाळीला गावी गेलो आणि मामांनी एक प्रश्न विचारला.

मामांचं गाव धाराशिव जिल्ह्यात, कळंब तालुक्यात. तीन एकर रान, सोयाबीन. त्यांचा धाकटा मुलगा सतरा वर्षांचा आहे. नाव सांगत नाही, घरात सगळे त्याला दादा म्हणतात, आपणही दादाच म्हणू. दादा शब्द बोलत नाही. भूक लागली, पोट दुखतंय, पाहुणे आले ते आवडलं नाही, हे सगळं मामीला त्याच्या नुसत्या हालचालीवरनं कळतं. लहान होता तेव्हा गावात त्याला 'येडं' म्हणायचे. मग शाळेच्या कागदावर 'मतिमंद' आलं. बऱ्याच उशिरा लातूरच्या एका डॉक्टरांनी सांगितलं की हा ऑटिझम आहे, मराठीत स्वमग्नता. दादाकडं एक कापडी पिशवी असते, तिच्यात बाटल्यांची झाकणं. दोनशेच्या वर असतील. ओट्यावर बसून तो ती रंगाप्रमाणे लावतो, मोडतो, परत लावतो. पिशवी उशाशी असल्याशिवाय त्याला झोप लागत नाही.

मामा म्हणाले, "तू मोबाईलवर जगाचा इतिहास सांगतोस म्हणं. एक चांगली जागा शोधून दे की. आमच्या माघारी ह्याला कोण बघंल?"

मी आधी तुम्ही केलं असतं तेच केलं, गूगल. मग लक्षात आलं की 'चांगली जागा' म्हणजे काय हेच मला ठाऊक नाही. जेवण चांगलं म्हणजे चांगली? फरशी स्वच्छ म्हणजे चांगली? फोटोत मुलं हसताहेत म्हणजे चांगली? मग जे मला येतं ते केलं. मागं जाऊन बघितलं, की अशा लेकरांना आपल्याकडं आजवर कुठं ठेवलं, कसं ठेवलं, आणि 'चांगलं' कुणी ठरवलं.

एक आधीच सांगतो. जुने शब्द आज कानाला खटकतात. मतिमंद, वेडा, अपंग. इतिहास सांगताना ते येणार, कारण पाट्यांवर तेच लिहिलेलं होतं.

तर सुरुवात आपल्याच मराठवाड्यातून. आपला भाग निजामाच्या राज्यात होता हे सांगायला नको. जिल्ह्याला उस्मानाबाद हे नाव निजामावरूनच पडलं आणि २०२३ साली ते धाराशिव झालं. निजामाच्या काळात वेड्यांचं इस्पितळ होतं जालन्याला. हो, जालन्याला. राज्य गेलं, आणि १९५०च्या दशकात ते इस्पितळ हैदराबादला एर्रागड्डा इथं हललं. आज महाराष्ट्रात सरकारची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं चालतात : ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. मराठवाड्यात एकही नाही. इतक्या वर्षांनी नवीन मंजूर झालं, ते कुठं? जालन्याला. वर्तुळ पूर्ण झालं म्हणायचं, फक्त मधल्या काळात दोन-तीन पिढ्यांना घरातलं माणूस घेऊन अडीचशे किलोमीटरवर येरवड्याला जावं लागलं.

आता कुणी म्हणेल, दादा काही मनोरुग्ण नाही, मग इस्पितळाचा विषय कशाला? बरोबर आहे. मानसिक आजार येतो, औषधानं आटोक्यात राहतो, बराही होतो. दादाचं तसं नाही. तो जन्मापासून असा आहे आणि असाच राहणार आहे. तो आजार नव्हे, ती त्याची घडण आहे. पण हा फरक कायद्याला कळायला फार वेळ लागला. इंग्रजांच्या १९१२च्या कायद्यात 'ल्युनॅटिक' या एकाच शब्दात दोघांनाही बसवलं होतं, आजारी माणूस आणि जन्मतः बुद्धीनं मागं असलेला माणूस. दोघांना एकच कुलूप.

मतिमंद मुलांसाठी वेगळी जागा हवी हे मुंबईत सुचलं. १९४१ साली मानखुर्दला चिल्ड्रन्स एड सोसायटीचं गृह सुरू झालं. १९४४ मध्ये जय वकील बाईंनी शाळा काढली, कारण त्यांच्या स्वतःच्या मुलीला डाऊन सिंड्रोम होता आणि तिला घेणारी शाळाच नव्हती. (मधल्या १९४३ साली तिकडं अमेरिकेत लिओ कॅनर नावाच्या डॉक्टरनं ऑटिझमवरचा पहिला मोठा लेख लिहिला. म्हणजे दादाच्या अवस्थेला आज आपण जे नाव देतो, ते अजून शंभर वर्षांचंही नाही.) पुण्यात १९६४ला सिंधुताई जोशींनी 'कामायनी' उभी केली. चांगली कामं होती, मोठी माणसं होती. पण नकाशा बघा : मुंबई, मुंबई, पुणे. कळंबच्या माणसाला यातलं काय मिळणार? आमच्याकडं अशा लेकराची जागा म्हणजे घरातली मागची खोली, नाहीतर आजी. दसऱ्यानंतर ऊसतोडीला बैलगाड्या निघाल्या की प्रश्न एकच असायचा, ह्याला सोबत न्यायचं का म्हातारीजवळ ठेवायचं. तेव्हाची 'निवासी व्यवस्था' म्हणजे ती म्हातारी. तिच्यावर कुठं पुस्तक नाही, अहवाल नाही.

आता मुख्य गोष्टीकडं येतो. ही गोष्ट आमच्या जिल्ह्यातली नाही, पण त्याच वेळेची आहे. ३० सप्टेंबर १९९३ला पहाटे चार वाजायच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, दोन्ही जिल्ह्यांच्या शिवेवर. आमच्याकडचं सास्तूर जमीनदोस्त झालं. सगळ्या महाराष्ट्राचं लक्ष इकडं होतं. त्यानंतर चार-साडेचार महिन्यांनी, फेब्रुवारी १९९४ मध्ये, पुण्यात एक बातमी फुटली.

पुणे जिल्ह्यात शिरूरला मतिमंद मुलींसाठी सरकारी गृह होतं. तिथल्या मुली आणि बायकांना पुण्याच्या ससून रुग्णालयात आणून त्यांची गर्भाशयं काढायला सुरुवात झाली होती. गाठ नव्हती, कर्करोग नव्हता, कसलाही आजार नव्हता. कारण असं दिलं गेलं की पाळीच्या दिवसांत यांना स्वतःची स्वच्छता राखता येत नाही, कर्मचाऱ्यांना ते आवरत नाही, आणि उद्या कुणाला दिवस गेले तर? त्यापेक्षा पिशवीच काढून टाकू. स्त्री संघटना आणि आरोग्य हक्काचं काम करणारे लोक धावले, आंदोलनं झाली, पेपर भरून आले, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातही गेलं. तेव्हाचे मुख्यमंत्री शरद पवार यांनी शस्त्रक्रिया थांबवायला लावल्या. तोपर्यंत अकरा जणींच्या झालेल्या होत्या.

इथपर्यंतची गोष्ट कधीमधी लेखांत येते. मला जे खुपलं ते पुढं आहे. त्या वेळच्या चर्चेत एक तपशील बाहेर आला. संस्थेत या मुलींना नाडीचे कपडे देत नसत. का? नाडीनं गळफास घेतील म्हणून. पट्ट्याचे सॅनिटरी पॅड देत नसत. का? तेच, पट्टा गळ्याला लावतील म्हणून.

आता हे सावकाश ऐका. नाडी नाही म्हणून अंगावर नीट बसणारा कपडा नाही. पट्टा नाही म्हणून पॅड नाही. पॅड नाही म्हणून डाग. डाग पडतात म्हणून 'यांना स्वच्छता राखता येत नाही'. आणि स्वच्छता राखता येत नाही म्हणून ऑपरेशन.

इलास्टिक. कापडाच्या दुकानात मीटरवर मिळतं ते. नाडीच्या जागी इलास्टिक घातलं असतं आणि मुलींना शिकवायला, बदलायला, धुवायला दोन बायका जास्त ठेवल्या असत्या, तर त्या अकरा जणी टेबलावर गेल्या नसत्या. पण दोन बायका ठेवणं म्हणजे पद मंजूर करणं, पगार, दरवर्षीचा खर्च. ऑपरेशन एकदाच.

यात सिनेमातला खलनायक कुणी नाही हे मला जास्त भीतीदायक वाटतं. नाडी बंद करणाऱ्याला जीव वाचवायचा होता. डॉक्टरला वाटत होतं आपण सेवा करतोय. अधिकाऱ्याला तक्रारी संपवायच्या होत्या. आणि आईवडलांचं म्हणाल तर, मी मामीला ही गोष्ट सांगितली. मामी चिडेल असं मला वाटलं होतं. ती बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "दादाच्या जागी पोरगी असती तर मीबी हो म्हणले असते का काय, कुणाला ठावं." तेव्हाही पुष्कळ पालकांना हे ऑपरेशन बरोबर वाटत होतं, आणि त्यांना वाईट माणसं ठरवणं सोपं आहे. त्यांच्यासमोर दुसरा पर्याय ठेवला होता का, असा प्रश्न मात्र फार कमी लोकांनी विचारला.

जाता जाता. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ला ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्यांची चौकशी झाली. नीलम गोऱ्हे यांच्या समितीनं ८२,३०९ बायकांची माहिती घेतली, त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. त्या बायका काही मतिमंद नव्हत्या. पण पाळी म्हणजे कामातला खाडा, ही अडचण त्यांच्याही बाबतीत शरीर कापूनच सोडवली गेली. पंचवीस वर्षांनी, दोन जिल्हे पलीकडं, तीच युक्ती.

शिरूरच्या वेळी कायदा काय करत होता? हे शोधताना एक गंमत सापडली, वाईट अर्थानं. १९१२च्या कायद्याच्या जागी १९८७चा मानसिक आरोग्य कायदा आला, तो अमलात आला १९९३ला. त्यानं मतिमंदत्व स्पष्ट शब्दांत वगळलं. तत्त्व म्हणून योग्यच, हा आजार नव्हे. पण अपंगांचा पहिला मोठा कायदा झाला १९९५ला. म्हणजे फेब्रुवारी १९९४ मध्ये एक कायदा म्हणतोय 'या आमच्या नाहीत', आणि ज्या कायद्याच्या त्या असायला हव्या होत्या तो अजून जन्मलाच नव्हता. शिरूरच्या मुली बरोबर त्या फटीत सापडल्या. ही माझी मांडणी आहे, कुणाला पटणार नाही, पण तारखा तुम्हीच लावून बघा.

पुढचे कायदे भराभर सांगतो, नाहीतर झोपाल. १९९५च्या कायद्यात सात प्रकारचं अपंगत्व होतं, मतिमंदत्व होतं, ऑटिझम नव्हता. १९९९ला राष्ट्रीय न्यास कायदा आला, ज्याला सगळे नॅशनल ट्रस्ट म्हणतात. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता अशा चौघांसाठी. मामांचा जो प्रश्न आहे ना, 'आमच्या माघारी कोण', तो या कायद्याचं मूळच आहे. त्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली एक स्थानिक समिती असते, ती अठरा वर्षांवरच्या अशा माणसाला कायदेशीर पालक नेमून देते. धाराशिवकरांनो, हे कलेक्टर ऑफिसात विचारायचं असतं, तलाठ्याकडं नाही. मामा दोन वेळा तलाठ्याकडं जाऊन आले होते. २००९ला चंदीगडच्या एका सरकारी गृहातल्या मुलीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सौम्य मतिमंदत्व असलं तरी तिच्या शरीराचा निर्णय तिला डावलून घेता येत नाही. आणि २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात दहाव्या कलमात लिहिलं गेलं की वंध्यत्व येईल अशी कुठलीही शस्त्रक्रिया दिव्यांग व्यक्तीच्या स्वतःच्या मोकळ्या आणि समजून दिलेल्या संमतीशिवाय करता येणार नाही. शिरूरनंतर बावीस वर्षांनी. याच कायद्यात ऑटिझम नावानिशी आला, एकूण २१ प्रकारांत.

मग सगळं ठीक झालं? नाही. २०१०ला ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात कवडास नावाच्या गावी मतिमंद मुलांच्या गृहात उपासमार आणि लैंगिक अत्याचार चालल्याची बातमी वर्तमानपत्रात आली. मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून याचिका दाखल करून घेतली. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या डॉ. आशा बाजपेयी यांच्या नेतृत्वाखालच्या समितीला राज्यभरातली अशी गृहं तपासायचं काम मिळालं. या तपासण्यांच्याच काळात, २०११ला, पनवेलजवळ कळंबोलीच्या एका गृहातले भयानक प्रकार उघडकीला आले. २०१३ला सत्र न्यायालयानं संस्थाचालकाला दोषी धरलं. तपशील इथं सांगत नाही, हा भाग लहान भावंडं पण ऐकतात. त्यातल्या कितीतरी मुलींना काय झालं ते सांगताच येत नव्हतं. दादासारखंच.

कुणी म्हणेल, पैसा नाही म्हणून होतं हे. अनुदान वेळेवर नाही, पगार नाही, मग कोण चांगलं काम करणार? यात तथ्य आहे, पुष्कळ आहे. पण मग इंग्लंडमधलं विंटरबोर्न व्ह्यू बघा. ब्रिस्टल शहराजवळ, ऑटिझम आणि लर्निंग डिसॅबिलिटी असलेल्या माणसांसाठीचं खासगी रुग्णालय, चोवीस खाटांचं. एका माणसामागं आठवड्याला सरासरी साडेतीन हजार पौंड, म्हणजे तेव्हाच्या भावानं अडीच लाख रुपये. आठवड्याला! २०११ला बीबीसीच्या एका पत्रकारानं तिथं कर्मचारी म्हणून नोकरी धरली आणि छुप्या कॅमेऱ्यानं चित्रण केलं. माणसांना लाथा, खुर्चीखाली दाबून धरणं, थंडीत कपड्यांनिशी अंगावर पाणी. अकरा कर्मचाऱ्यांनी गुन्हा कबूल केला, सहा जण तुरुंगात गेले. तिथल्याच एका अनुभवी नर्सनं त्याआधी वरपर्यंत तक्रार केली होती, तिकडं कुणी लक्ष दिलं नव्हतं. आणि चौकशीत आणखी एक गोष्ट आली : भेटायला येणाऱ्या नातेवाइकांना माणसं राहतात त्या खोल्यांपर्यंत जाऊ देत नव्हते. खाली बसवायचे, तिथंच भेट.

कवडास आणि ब्रिस्टल. एकीकडं उपासमार, दुसरीकडं आठवड्याला अडीच लाख. दोन्हीकडं बाहेरचा डोळा आत पोचत नव्हता.

आता अठराव्या वर्षाबद्दल, कारण दादाला पुढच्या वैशाखात अठरा पूर्ण होतील. बालगृहाचा कायदा अठरापर्यंत बघतो, नंतरची मदत साधारणपणे एकविसापर्यंत. ज्याचं डोकं चार वर्षांच्या मुलाइतकं चालतं त्यालाही कागदावर एका रात्रीत प्रौढ व्हावं लागतं. या विषयावर महाराष्ट्रात एक माणूस आयुष्यभर भांडतोय, शंकरबाबा पापळकर. अमरावती जिल्ह्यात अचलपूर तालुक्यातल्या वझ्झरला त्यांचं बेवारस दिव्यांग मुलांचं गृह आहे. रेल्वे स्टेशनवर, बसस्टँडवर, कचराकुंडीत सापडलेली लेकरं. १२३ मुलांना बाबांनी बाप म्हणून स्वतःचं नाव दिलं. अठरा पूर्ण झाली म्हणून एकालाही बाहेर काढणार नाही, आणि बेवारस मतिमंदांना आजन्म राहता येईल असा कायदा करा, ही त्यांची कितीतरी वर्षांची मागणी. २०२४ला त्यांना पद्मश्री मिळाली. फोटो निघाले, हार घातले. मागणीवर मात्र ते अजून बोलतातच आहेत.

वझ्झरबद्दल वाचताना मला आवडलं ते वेगळंच. तिथली मुलं काम करतात. उजाड टेकडीवर त्यांनी झाडं लावली, वाढवली. एक मूल दुसऱ्याला सांभाळतं. म्हणजे माणूस नुसता 'ठेवलेला' नाही. अर्थात एका बाबांवर उभं राहिलेलं काम बाबांनंतर कसं चालणार, हा प्रश्न तिथंही आहेच. मामांचाच प्रश्न, १२३नं गुणलेला.

धाराशिव जिल्ह्याचं काय? अगदीच वाळवंट नाही. भूकंपानं पाडलेल्या त्याच सास्तूरला आज दिव्यांग मुलांची निवासी शाळा आहे. शहराजवळ आळणीला मतिमंद मुलींचं 'स्वाधार' बालगृह आहे. पण शाळा शिकायच्या वयापुरती, आणि आळणी मुलींसाठी. सतरा वर्षांच्या मुलग्याचा बाप गाडीत डिझेल टाकून निघतो तो लातूर, सोलापूर, पुण्याच्या दिशेनं.

तसं आम्हीही निघालो. मी, मामा आणि दादा. मामी आली नाही. तीन ठिकाणं बघितली, तिन्ही आपल्या जिल्ह्याबाहेर, नावं सांगत नाही. पहिल्या ठिकाणी ऑफिसातच बसवलं, चहा दिला, अल्बम दाखवला. आत जाऊ का म्हटलं तर म्हणाले, मुलं डिस्टर्ब होतात. विंटरबोर्न आठवलं, उठलो. दुसरीकडं आत जाऊ दिलं. एका मोठ्या कपाटात सगळ्यांचे कपडे एकत्र, ज्याला जो हाताला लागेल तो. मामांनी विचारलं, "ह्यातली कोणाची कोणती?" बाई म्हणाल्या, "काका, सगळ्यांची सगळीच." कपडे धुतलेले होते, घडी घातलेले होते. मामा बाहेर येऊन म्हणाले, "शेळ्यांना तरी आपण नावं ठेवतो."

तिसरी जागा खरंच चांगली होती. संडास बघितले, स्वच्छ. प्रत्येकाचा वेगळा कप्पा, त्यावर त्याचा फोटो. स्वयंपाकघरात दोन मुलं भाजी निवडत होती आणि मस्त भांडत होती. रात्री किती माणसं असतात विचारलं, तर रजिस्टर काढून दाखवलं. नोंदणीचं प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं. २०१६च्या कायद्यानं ते लागतंच, आणि मागायला लाजायचं नसतं. तिथले सर दादाशी बोलले. मामांशी नाही, दादाशी. तो उत्तर देत नाही हे कळल्यावरही बोलत राहिले. मामांचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला.

मग दादानं पिशवी उघडली आणि फरशीवर झाकणं मांडायला लागला.

सर म्हणाले, "हे मात्र इथं ठेवता येणार नाही हो. दुसरी मुलं गिळतील. मागं एकदा झालंय तसं."

खरं बोलत होते. चाळीस मुलं, रात्रीला दोन माणसं. मी काय बोलणार? माझ्या डोक्यात नाडी. गळफास घेतील म्हणून नाडी नको, गिळतील म्हणून झाकणं नकोत. दोन्ही कारणं खरी. मी विचारलं, ऑफिसात ठेवली आणि रोज तासभर वेगळ्या खोलीत दिली तर? कुणीतरी समोर बसेल असं? सरांनी लगेच नाही म्हटलं नाही. म्हणाले, "एका मुलासाठी एक माणूस तासभर, म्हणजे..." आणि बोटांवर काहीतरी हिशेब करत राहिले. मग म्हणाले, "बघतो. महिनाभरानं फोन करा. आणि त्याच्या आईला घेऊन या एकदा, झोपताना त्याला काय लागतं ते आम्हाला लिहून हवंय."

फॉर्म दिलाय त्यांनी. मामांच्या घरी देवाच्या फोटोमागं खोचलेला आहे, कोरा. मामीनं वहीत लिहायला घेतलंय. परवा मला व्हॉट्सअॅपवर पहिल्या पानाचा फोटो पाठवला. वर लिहिलंय 'दादाला काय लागतं', आणि खाली पहिला नंबर : भात गार करून, दुसरा : विजेचा कडकडाट झाला की कान झाकून धरावे लागतात, तिसरा : पिशवी. पान भरलंय, आणि कोपऱ्यात तिनं लिहिलंय, मागं बघा.

तुमच्या घरात, गल्लीत असं कुणी असेल आणि तुम्ही एखादी जागा आतून बघितली असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. मुलाचं नाव सांगू नका, संस्थेचंही नको. तिथं काय बघितलं तेवढं सांगा, मी मामांना ऐकवीन. परंड्याचा किल्ला पुढच्या रविवारी.